वाचकांचे प्रश्न: पर्ल जॅमचा ‘टेन’

मागच्या अंकात ग्रंजवर, म्हणजे अमेरिकेतल्या सिएटल शहरातून आलेल्या खरखरीत रॉकवर, लिहिताना शेवटी सहज म्हटलं होतं की तिथल्याच पर्ल जॅम या बँडच्या ‘टेन’ या पहिल्या अल्बमबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि प्रश्नांचा ढीगच आला. या अल्बमवर माझा किती जीव आहे हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच, त्यामुळे या वेळी सगळी जागा त्यालाच देतेय. जे प्रश्न दोन-तीन जणांनी विचारलेत ते एकत्र केलेत.

ताई, मी या बँडची फक्त ‘अलाइव्ह’ आणि ‘जेरेमी’ ही दोनच गाणी ऐकलीत. बाकी अल्बम कुठून सुरू करू? आधी कुठली गाणी ऐकू?
– कॉलेजला जाणारी एक वाचक

पहिल्यापासून सुरू कर आणि मध्ये काही गाळू नकोस. अकरा गाणी आहेत, साधारण त्रेपन्न मिनिटं लागतात, तेवढा वेळ काढ, शफल बंद कर आणि शक्यतो हेडफोन लाव. सुरुवातीला गाणं सुरूच होत नाहीये असं वाटेल, कारण आधी लांबून आल्यासारखे बासचे सूर आणि कुणीतरी अस्पष्ट पुटपुटतंय असं काहीतरी येतं. तो ‘मास्टर/स्लेव्ह’ नावाचा तुकडा आहे, गाण्यांच्या यादीत त्याचं नाव नाही, आणि अगदी शेवटी ‘रिलीज’ संपल्यावर तोच परत येतो. म्हणजे अल्बम लूपवर ठेवलास तर शेवट आणि सुरुवात एकमेकांत मिसळतात. त्यातून ‘वन्स’चं गिटार एकदम अंगावर येतं. ही जी वाट बघायला लावणारी सुरुवात आहे ना, ती वगळून थेट हिट गाणी ऐकली तर अर्धी मजा गेली. ‘जेरेमी’सुद्धा ‘ब्लॅक’च्या पाठोपाठ आलं की वेगळंच लागतं, करून बघ.

पर्ल जॅम हा दुसऱ्या कुठल्यातरी मोडलेल्या बँडमधून तयार झाला असं वाचलं. नक्की काय भानगड आहे? आणि गायक बाहेरचा होता का?
– दोन-तीन वाचकांचा प्रश्न

हो, आणि ही गोष्ट कळल्याशिवाय ‘टेन’ असा का वाजतो तेच कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्टोन गॉसर्ड गिटारवर आणि जेफ अमेंट बासवर, हे दोघं सिएटलमध्ये आधी ग्रीन रिव्हर नावाच्या बँडमध्ये होते. तो फुटला, त्यातले काही जण मडहनी या दुसऱ्या बँडमध्ये गेले आणि या दोघांनी अँड्र्यू वुड या गायकाबरोबर मदर लव्ह बोन सुरू केला. वुड म्हणजे अतिशय झगमगीत माणूस, छोट्याशा क्लबातसुद्धा स्टेडियममध्ये उभा असल्यासारखा गायचा. मोठ्या कंपनीशी करार झाला, ‘ॲपल’ हा पहिला अल्बम तयार झाला, आता बाहेर येणार तेवढ्यात मार्च १९९० मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने वुड गेला. चोवीस वर्षांचा होता फक्त. अल्बम नंतर जुलैमध्ये आला पण तोवर बँडच उरला नव्हता.

गॉसर्ड त्या काळात घरी बसून आधीपेक्षा जड, टोकदार रिफ्स, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे, लिहीत राहिला. माइक मॅक्रेडी हा लीड गिटारवाला त्याच्या ओळखीचा, त्याच्याबरोबर वाजवायला लागला, मॅक्रेडीने अमेंटला परत ओढायला सांगितलं, आणि तिघांनी मिळून गायकाशिवायच डेमो कॅसेट केली. ड्रमर हवा होता म्हणून ती कॅसेट जॅक आयर्न्सकडे गेली, हा पूर्वी रेड हॉट चिली पेपर्समध्ये वाजवायचा. तो काही आला नाही, पण त्याने ती सॅन डिएगोतल्या एका बास्केटबॉल खेळणाऱ्या मित्राला दिली. तो मित्र म्हणजे एडी वेडर, पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचा आणि दिवसा समुद्रात सर्फिंग. रात्रपाळी करून कॅसेट ऐकली, सकाळी लाटांवर गेला, डोक्यात शब्द जुळत गेले, आणि घरी येऊन त्याने तीन गाण्यांवर स्वतःचा आवाज भरून कॅसेट उत्तरेला परत पाठवली. पुढची गोष्ट तर विश्वास बसणार नाही इतक्या वेगाने झाली. ऑक्टोबर १९९० मध्ये तो सिएटलला आला, आठवडाभर तालीम केली आणि २२ ऑक्टोबरला ऑफ रॅम्प कॅफेत पहिला कार्यक्रम. मार्च-एप्रिल १९९१ मध्ये लंडन ब्रिज स्टुडिओत निर्माता रिक पराशरबरोबर अख्खा अल्बम रेकॉर्डसुद्धा झाला.

म्हणजे हे लोक एकमेकांना पुरते ओळखतही नव्हते हो! एका बाजूला मित्र गेल्याचं दुःख घेऊन बसलेले दोघं, दुसऱ्या बाजूला वडिलांचं काहीतरी मनात घेऊन आलेला एक लाजाळू परका पोरगा, आणि कुणीही कुणाला समोर बसवून काही सांगितलं नसेल, पण गाण्यात ते दोन्ही एकमेकांत मिसळलंय. मला या अल्बममध्ये सगळ्यात जास्त हेच ऐकू येतं, पाच माणसं एकमेकांकडे अगदी कान देऊन वाजवतायत. मुरलेले बँड असे वाजवत नाहीत, त्यांना पुढे काय येणार ते माहीत असतं.

अजून एक गोष्ट याच्याच बरोबरीने घडत होती. वुडचा रूममेट होता साउंडगार्डन या बँडचा गायक क्रिस कॉर्नेल, त्याने मित्राच्या आठवणीत गाणी लिहिली आणि याच मंडळींना घेऊन ‘टेंपल ऑफ द डॉग’ हा अल्बम केला, तो एप्रिल १९९१ मध्ये आला. त्यातल्या ‘हंगर स्ट्राइक’मध्ये खालच्या पट्टीतल्या ओळी कॉर्नेलला तालमीत जमत नव्हत्या, कोपऱ्यात बसलेला वेडर उठून माइकपाशी गेला आणि त्याने त्या गायल्या. तेच राहिलं रेकॉर्डवर. नवीन गावात आलेल्या पोराला ज्याने एवढी जागा दिली त्या कॉर्नेलचं मला फार कौतुक वाटतं.

अल्बमचं नाव ‘टेन’ का? गाणी तर अकरा आहेत.

बँडचं आधीचं नाव होतं मूकी ब्लेलॉक, हा एनबीएतला बास्केटबॉल खेळाडू. कुणा खेळाडूचं नाव असं वापरणं चालणार नव्हतं, मग करार झाल्यावर पर्ल जॅम झालं, पण ब्लेलॉकच्या जर्सीचा नंबर दहा होता तो अल्बमला दिला. कव्हरवर मागे जी मोठी अक्षरं दिसतात ती अमेंटने लाकडात कापून बनवलेली आहेत, आणि समोर पाचही जण हात उंचावून एकत्र धरून उभे आहेत. तो गुलाबी रंग मात्र अमेंटच्या मनातला नव्हता, त्याला गडद मरून छटा हवी होती.

‘अलाइव्ह’ लागलं की आम्ही मित्र गळ्यात गळे घालून ओरडतो. पण शब्द नीट वाचले तर ते अजिबात आनंदाचं गाणं नाही असं वाटलं. मग आम्ही चुकीचं ऐकतोय का?
– गिटारवेडा वाचक

चुकीचं अजिबात नाही, आणि हे मी नाही म्हणत, खुद्द वेडर म्हणालाय.

वेडर ज्यांना वडील समजत होता ते सावत्र वडील होते. खरे वडील म्हणजे ज्यांना तो घरचे ओळखीचे म्हणून एक-दोनदा भेटला होता ते, आणि हे त्याला ऐन तारुण्यात कळलं तोपर्यंत ते मल्टिपल स्क्लेरोसिसने गेलेही होते. गाण्याच्या पहिल्या कडव्यात आई मुलाला बसवून हेच सांगते. पुढचा भाग कल्पनेतला आहे आणि खूप अंधारा आहे. मी अजून जिवंत आहे हे त्या मुलाच्या तोंडी येतं ते ओझं म्हणून येतं, की बाप गेला आणि मी मात्र आहे, आता या असण्याचं करू काय. सॅन डिएगोहून पाठवलेल्या त्या कॅसेटवरची तीन गाणी मिळून एकच गोष्ट होती. ‘अलाइव्ह’मधला मुलगा ‘वन्स’मध्ये खुनी होतो आणि ‘फूटस्टेप्स’मध्ये तुरुंगात शिक्षेची वाट बघत बसतो. ‘फूटस्टेप्स’ अल्बमवर नाही, ‘जेरेमी’च्या सिंगलच्या, म्हणजे एकट्या गाण्याच्या सुट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला आलं, ते जरूर शोधून ऐका.

आता गंमत बघा, हजारो लोक कार्यक्रमात तीच ओळ हात वर करून, उड्या मारत गायला लागले. त्यांना त्यात ओझं दिसलंच नाही, त्यांना त्यात आपण अजून आहोत याचा आनंद दिसला. २००६ साली एका टीव्ही कार्यक्रमात वेडरने सांगितलं की लोकांनी गाऊन गाऊन अर्थच बदलला आणि त्याच्यावरचा शाप उठवला. तेव्हा खुशाल ओरडा, पण एकदा एकटं बसूनही ऐका.

आणि गिटार वाजवता म्हणून सांगते, शेवटचा लांबलचक सोलो. मॅक्रेडीने त्याचा धागा किस या बँडच्या एस फ्रेलीच्या ‘शी’ गाण्यातल्या सोलोतून घेतला, आणि फ्रेलीने तो डोअर्स या बँडच्या ‘फाइव्ह टू वन’मधल्या रॉबी क्रीगरच्या सोलोवरून घेतला होता. तिन्ही लागोपाठ लावून बघा, वरून खाली उतरत येणारी ती वळणं लगेच सापडतील. फरक एवढाच की मॅक्रेडी थांबतच नाही, गाणं संपायला हवं होतं तिथून पुढे तो अजून जोरात वाजवत राहतो. शब्दांत जे कडू राहिलेलं असतं ते तिथे सुटतं असं मला वाटतं. लोकांनी अर्थ बदलला म्हणतात, पण त्याची सुरुवात या सोलोनेच केली होती.

‘इव्हन फ्लो’ मला जमतच नाही. कॉर्ड बरोबर आहेत, तरी तसं वाजत नाही.
– तोच वाचक

कारण गॉसर्ड ते साध्या ट्यूनिंगमध्ये वाजवत नाही, ओपन डी आहे. तारा जाडीकडून डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा लावा आणि मग मुख्य रिफ वाजवा, लगेच कळेल. मॅक्रेडी मात्र साध्या ट्यूनिंगमध्येच वाजवतो आणि सोलोमध्ये स्टीव्ही रे वॉन, म्हणजे ब्लूजचा प्रसिद्ध गिटारवादक, व्हायचा प्रयत्न केला असं तो मोकळेपणाने सांगतो. आणि तुम्हाला एकट्यालाच ते छळत नाहीये, स्टुडिओत या गाण्याने अख्ख्या बँडला रडवलं होतं, पन्नास-सत्तर वेळा तरी वाजवलं असेल असं मॅक्रेडी म्हणतो, तरी मनासारखी लय बसेना. पुढे सिंगलसाठी नव्या ड्रमरबरोबर ते परत रेकॉर्डही केलं. लय थोडी मागे रेलून चालते, पुढे पळत नाही, तिथे घाई केली की गेलं. गाणं रस्त्यावर झोपणाऱ्या, डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाबद्दल आहे, त्याच्या मनातले विचार फुलपाखरासारखे येतात-जातात, त्यामुळे ते डुलणं हवंच.

‘ब्लॅक’ इतकं सुंदर असून त्याचा व्हिडिओ का नाही?
– अनेक वाचक

कारण बँडने ठाम नकार दिला. कंपनी मागे लागली होती, हे सिंगल काढा, व्हिडिओ करा, अजून लाखो कॉपी खपतील, आणि ते खरंच होतं. पण वेडरचं म्हणणं होतं की हे गाणं फार नाजूक आहे, व्हिडिओत चिरडून जाईल. तरी रेडिओवाल्यांनी अल्बममधूनच उचलून ते इतकं वाजवलं की अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवाऱ्या काढणाऱ्या बिलबोर्डच्या मेनस्ट्रीम रॉक यादीत ते तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

गॉसर्डने हे लिहिलं तेव्हा नुसती चाल होती, ‘ई बॅलड’ असं कामचलाऊ नाव होतं. सुरुवात बघा किती बिचकत होते, गिटारचे दोन-तीन सूर, आवाज जवळजवळ बोलल्यासारखा. मग शेवटच्या कडव्यात वेडर आपल्याला सोडून गेलेल्या माणसाला उद्देशून, तू दुसऱ्या कुणाच्यातरी आयुष्यात उजळशील पण माझ्या का नाही, असं काहीसं विचारतो आणि तिथे त्याचा आवाज फाटतो. फाटलेला तसाच ठेवलाय. त्यानंतर शब्द संपतात, मागून सगळे नुसते स्वर गात राहतात, मॅक्रेडीचं गिटार त्यांच्या वर-खाली फिरत राहतं आणि गाणं कितीतरी वेळ असंच चालू राहतं. बोलण्यासारखं काही उरलेलं नाही पण उठून जाववतही नाहीये, ही अवस्था ज्याने अनुभवलीय त्याला त्या शेवटच्या दीड मिनिटाबद्दल वेगळं सांगायला नको. व्हिडिओ नाही हे बरंच झालं. प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आपापलं माणूस येतं, कुणा नटाचा चेहरा येत नाही.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि ‘जेरेमी’ सारखं ऐकतो. मी अर्थ शोधला आणि घाबरले. बंद करायला सांगू का?
– एक आई

नका सांगू. तुमची भीती समजते, पण आधी गाणं काय म्हणतं ते बघूया.

जानेवारी १९९१ मध्ये टेक्सासमधल्या रिचर्डसन गावात पंधरा वर्षांच्या एका मुलाने वर्गात सगळ्यांसमोर स्वतःचा जीव घेतला. वेडरने ते वर्तमानपत्रात वाचलं, छोटीशी बातमी होती, आणि त्याला तेच खुपलं की एवढं करून त्या मुलाच्या वाट्याला काय आलं, तर पेपरातला एक परिच्छेद. त्यात त्याने स्वतःच्या शाळेतल्या एका मुलाची आठवणही मिसळली. गाण्यात त्या कृत्याचं कौतुक कुठेच नाही. गाण्यात आहे ते घर, जिथे वडील लक्ष देत नाहीत आणि आईला काळजी नाही, आणि आहे तो वर्गमित्र, जो आता आठवून सांगतोय की आम्ही त्याला छळलं होतं. म्हणजे गाणारा हा साक्षीदार आहे, आणि थोडा गुन्हेगारही. मला वाटतं चौदा वर्षांच्या मुलांना हे गाणं धरून ठेवतं त्याचं कारण हेच असावं, की कुणीतरी त्या शांत बसणाऱ्या मुलाकडे बघितलं.

त्याच्याबरोबर बसून ऐका. सुरुवातीला घंटांसारखे जे चमचमते सूर येतात ती बारा तारांची बास आहे, अमेंटने वाजवलेली, आणि चालही त्याचीच, तिथून बोलायला सुरुवात करा, मुलांना असल्या गोष्टी आवडतात. मग अगदी सहज विचारा, तुमच्या वर्गात असं कुणी आहे का रे, कुणाला त्रास देतात का. तो काय बोलतो ते नुसतं ऐकून घ्या, लगेच उपाय सांगू नका. त्याच्या बोलण्यातून किंवा वागण्यातून स्वतःला इजा करण्याची जराही शंका आली तर मात्र न थांबता त्याला थेट विचारा आणि समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा, तिथे गाण्याचा प्रश्न उरत नाही.

व्हिडिओबद्दल एक सांगून ठेवते, तो मार्क पेलिंग्टनने केलाय आणि १९९३ साली एमटीव्हीचा वर्षातला सर्वोत्कृष्ट व्हिडिओ ठरला, पण टीव्हीसाठी शेवट कापल्यामुळे मुलाने वर्गातल्या इतरांना मारलं असा बऱ्याच लोकांचा समज झाला. मूळ शेवट अधिकृतपणे २०२० मध्येच दाखवला गेला. तो फारच थेट आहे, मुलाला एकट्याला बघू देऊ नका. या सगळ्यानंतर बँडने बरीच वर्षं व्हिडिओ करणंच बंद केलं, थेट १९९८ पर्यंत.

माझा मोठा भाऊ म्हणतो ‘टेन’ हा ग्रंज नाहीच, सरळसरळ सत्तरच्या दशकातला रॉक आहे. खरा ग्रंज म्हणजे ‘ब्लीच’. तुमचं मत?

दादाचे कान चांगले आहेत, पण निकाल मान्य नाही.

निर्वाणा या बँडचा ‘ब्लीच’ १९८९ चा, सब पॉप या छोट्या कंपनीचा, जॅक एंडिनोने रेकॉर्ड केलेला, खर्च किती तर ६०६ डॉलर आणि १७ सेंट. तो खरखरीत आहे, कोंदट आहे, आणि मला मनापासून आवडतो. ॲलिस इन चेन्स या बँडचा पहिला ‘फेसलिफ्ट’ १९९० चा, त्यातलं बरंचसं काम याच लंडन ब्रिज स्टुडिओत झालं, आणि तो सरळ हेवी मेटलच्या वळणाचा आहे. म्हणजे सिएटलमधले हे तीन पहिले अल्बम दोन-अडीच वर्षांत आले आणि तिघांचा आवाज तीन तऱ्हेचा. मग त्यांना एकत्र काय बांधतं? माझ्या मते, ही गाणी कुणाची बाजू घेतात ते. त्याच काळात टीव्हीवर जो रॉक चालायचा त्यात गाणारा हा सगळ्यात देखणा, सगळ्यात जिंकलेला माणूस असायचा. ‘टेन’मध्ये कोण आहेत बघा: पुलाखाली झोपणारा माणूस, वर्गात न बोलणारा मुलगा, ‘व्हाय गो’मध्ये आईने मनोरुग्णालयात टाकलेली मुलगी. वेडर त्यांच्याबद्दल लांबून गात नाही, त्यांच्या जागी जाऊन बसतो. वाजवणं सत्तरच्या दशकातल्या लेड झेपेलिनकडून आलं असेल, आलंच आहे, पण ही नजर तिथून आलेली नाही.

निर्वाणाचा गायक कर्ट कोबेननेही तेव्हा पर्ल जॅमवर धंदेवाईक म्हणून टीका केली होती हे खरं. पण १९९२ च्या एमटीव्ही पुरस्कारांच्या वेळी स्टेजच्या मागे तो आणि वेडर, वर एरिक क्लॅप्टन गात असताना, एकमेकांना धरून हळू नाचले, हेही सांगा भावाला.

पहिल्या दिवसापासून हिट होता का?

नाही, बिलकुल नाही. २७ ऑगस्ट १९९१ ला आला, त्यानंतर महिन्याभरात निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. हे लोक गाडीत सामान टाकून गावोगाव वाजवत राहिले, १९९२ मध्ये तो हळूहळू वर चढला, बिलबोर्डवर दुसऱ्या नंबरला पोचला आणि पहिला काही झाला नाही कारण वर बिली रे सायरसचा कंट्री अल्बम हलायलाच तयार नव्हता. पुढे एकट्या अमेरिकेत १३ वेळा प्लॅटिनम झाला, म्हणजे एक कोटी तीस लाख कॉपी.

जुन्या फोटोंमध्ये ड्रमर वेगवेगळे दिसतात. ‘टेन’वर नेमकं कोण आहे?

डेव्ह क्रुसन. रेकॉर्डिंग झाल्या झाल्या दारूच्या व्यसनावर उपचार घ्यायला तो बँडमधून बाहेर पडला. मग काही दिवस मॅट चेंबरलेन होता, ‘अलाइव्ह’च्या व्हिडिओत जो दिसतो तो तोच, आणि त्याच्या शिफारशीवरून डेव्ह ॲब्रुझीझ आला. त्यामुळे लोकांच्या डोळ्यासमोर बहुतेक ॲब्रुझीझच असतो. पण ‘पोर्च’मध्ये मध्येच सगळं खाली उतरतं आणि परत उसळतं तिथले ड्रम्स ऐका, किंवा ‘ब्लॅक’मध्ये तो किती कमी वाजवतो ते ऐका. २०१७ मध्ये बँड रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा क्रुसनलाही सामील केलं गेलं, त्याचा मला फार आनंद झाला होता.

मूळ अल्बम ऐकू की २००९ चा रीमिक्स? नव्यात सगळं जास्त स्पष्ट ऐकू येतं.
– साउंडचं काम करणारा वाचक

तुम्ही व्यवसायाने कान वापरता त्यामुळे तुम्हाला नवा आवडणार हे साहजिक आहे, आणि बँडमधल्या मंडळींचंही मन तिकडेच होतं. मूळ मिक्स जून १९९१ मध्ये टिम पामरने इंग्लंडमध्ये डॉर्किंगजवळच्या रिज फार्म स्टुडिओत केला, त्यात सगळ्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत घुमल्यासारखा परिणाम, भरपूर आहे, आणि अमेंट वगैरे पुढे कित्येक वर्षं त्याबद्दल कुरकुरत होते. मग ब्रेंडन ओब्रायनने २००९ मध्ये सगळं कोरडं करून, गिटार पुढे आणून दिलं. अमेंटची बास आणि क्रुसनचे हात नीट अभ्यासायचे असतील तर तोच लावा.

तरी मी मूळचाच ऐकते. तो रिव्हर्ब काढला की गाणारा माणूस आपल्या शेजारी येऊन बसतो, आणि या गाण्यांमधली माणसं शेजारी बसलेली नाहीत, ती लांब आहेत, त्यांचा आवाज आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो. ‘ओशन्स’ तर त्याशिवाय उभंच राहत नाही. त्या गाण्यात नीट कान दिलात तर बारीक छनछन आणि एक धातूचा ठोका येतो, ते मिरपुडीची डबी आणि आग विझवायचं सिलिंडर आहे. स्टुडिओ आडबाजूला, वाद्यं भाड्याने देणारं दुकान जवळ नाही, म्हणून पामरने जे हाताशी लागलं ते वाजवलं. समुद्रावरच्या गाण्यात ते इतकं चपखल बसलंय!

ज्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही अशी या अल्बममधली गाणी कुठली? आणि हा झाल्यावर पुढे काय ऐकू?

‘गार्डन’ आणि ‘रिलीज’. ‘डीप’ मला अल्बममधलं त्यातल्या त्यात कच्चं वाटतं, सोलोचा थोडा भाग सोडला तर. ‘गार्डन’ची सुरुवातीची गिटार फार देखणी आहे आणि ते रात्रीच ऐकायचं गाणं आहे.

‘रिलीज’बद्दल मात्र लिहायला जागा पुरणार नाही. कुणी बसून रचलेलं गाणं नाही ते, गॉसर्ड एक साधा रिफ वाजवत होता, बाकीचे सामील झाले, आणि वेडरने माइकपाशी जाऊन तिथल्या तिथे गायला सुरुवात केली. तो त्याच्या वडिलांशी बोलतो, ज्यांच्याशी तो कधी वडील म्हणून बोललाच नाही. ‘अलाइव्ह’मध्ये जे रागाने आणि कथा रचून सांगितलं होतं ते इथे काहीही न रचता, सरळ हाक मारून. आणि मला नेहमी वाटतं की गॉसर्ड आणि अमेंट तो रिफ इतका सावकाश, इतका सांभाळून वाजवतात कारण त्यांनाही कुणालातरी हाक मारायची होती. बँड जमून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. आजही ते कित्येकदा कार्यक्रमाची सुरुवात याच गाण्याने करतात.

पुढे काय, तर लगेच पर्ल जॅमच्या दुसऱ्या अल्बमकडे जाऊ नका. आधी मदर लव्ह बोनचा ‘ॲपल’ ऐका, त्यात ‘स्टारगेझर’ आणि ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ चुकवू नका, मग ‘टेंपल ऑफ द डॉग’, आणि मग १९९३ चा ‘व्हर्सेस’. त्यात रिव्हर्ब नाही, निर्माता तोच ब्रेंडन ओब्रायन, आणि बँड आता एकमेकांना चांगलाच ओळखतोय हे पहिल्या गाण्यातच कळतं. त्याच्यावर प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या अंकात घेऊ.